१२ वर्षांचा मुलगा हॉस्टेलमधून गायब होतो आणि अख्खी शाळा गप्प बसते : 'स्कूल ऑफ लाइज' बघताना कळायला हव्यात अशा गोष्टी

डोंगरातली एक निवासी शाळा. गणवेश, शिस्त, हाऊस, हाऊसमास्टर, सगळं जिथल्या तिथे. एक दिवस १२ वर्षांचा शक्ती सापडत नाही. तो पळून गेला, लपून बसला, की त्याला कुणी काही केलं, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि ज्यांना थोडंफार माहीत आहे ते बोलत नाहीत.

'स्कूल ऑफ लाइज' ही आठ भागांची हिंदी वेब सिरीज २ जून २०२३ ला डिस्ने प्लस हॉटस्टारवर आली. दिग्दर्शक आपला अविनाश अरुण, म्हणजे 'किल्ला'वाला. पुढे 'पाताल लोक'च्या पहिल्या सीझनचं सहदिग्दर्शन आणि 'थ्री ऑफ अस' हे त्याचंच काम. सिरीजमध्ये शाळेच्या समुपदेशक नंदिताच्या भूमिकेत निम्रत कौर आहे, हाऊसमास्टर सॅम म्हणजे आमिर बशीर, आणि सोनाली कुलकर्णीही आहे. पण खरी सिरीज तोलून धरलीय ती पोरांनी. वीर पचिसिया, वरीन रूपानी, आर्यन सिंग अहलावत ही नावं तेव्हा फारशी कुणाला माहीत नव्हती. त्यामुळे ही मुलं पडद्यावर नट वाटत नाहीत, हॉस्टेलमधली पोरंच वाटतात.

शक्तीचं काय झालं हे इथे सांगणार नाही, ते तुम्ही बघा. पण विषय सांगावा लागेल, कारण बरेच जण 'सस्पेन्स थ्रिलर' म्हणून लावतात आणि तिसऱ्या भागापर्यंत अस्वस्थ होतात. ही सिरीज दादागिरीबद्दल आहे, मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल आहे आणि त्या दोन्हीचं मनावर जे ओझं राहतं त्याबद्दल आहे. असं काही स्वतःच्या वाट्याला आलं असेल तर ती एकट्याने रात्री बसून बघू नका, एवढं आधीच सांगून ठेवते.

रहस्यकथेला बोर्डिंग स्कूल एवढं का आवडतं?

कारण तिथून बाहेर पडायला वाट नसते. रहस्यकथेला बंद जागा लागते. बेट, ट्रेन, बर्फात अडकलेला वाडा, किंवा मग गेटला कुलूप असलेली शाळा. माणसं ठरलेली, वेळापत्रक ठरलेलं. कोण कुठे असायला हवा होता आणि कोण नव्हता, हे लगेच कळतं.

पण अजून एक कारण आहे आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. दिवसाच्या शाळेत मुलाला त्रास देणारा संध्याकाळी पाचला मागे राहतो. हॉस्टेलमध्ये तो बाजूच्या कॉटवर झोपतो. मेसमध्ये समोर बसतो. आंघोळीच्या रांगेत मागे उभा असतो. आणि बऱ्याचदा शाळेनेच त्याच्या खांद्यावर कॅप्टनचा बिल्ला लावलेला असतो.

हा बिल्ला आपल्याकडे आला इंग्लंडमधून. १८२८ पासून रग्बी स्कूलचे मुख्याध्यापक असलेल्या थॉमस अरनॉल्ड यांनी सर्वात वरच्या वर्गातल्या मुलांच्या हाती शिस्तीचा कारभार दिला. कल्पना चांगली होती: मोठ्यांनी जबाबदार व्हावं, लहानांना सांभाळावं. पण त्याच रग्बीमध्ये शिकलेल्या थॉमस ह्यूजने १८५७ मध्ये 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी लिहिली आणि त्यातला सगळ्यात गाजलेला माणूस ठरला तो लहान मुलांना छळणारा फ्लॅशमन. म्हणजे ही व्यवस्था आणि तिचा गैरवापर, दोन्हींची कीर्ती जवळपास एकत्रच पसरली. आपल्याकडच्या जुन्या निवासी शाळांनी हाऊस आणि प्रीफेक्टची पद्धत तिथूनच उचलली.

'स्कूल ऑफ लाइज'मधले विक्रम आणि टीके हे वरच्या वर्गातले. त्यांच्याकडे लहानांवर चालणारी सत्ता आहे. पण त्यांना कोण सांभाळणार? हा प्रश्न सिरीज पुन्हा पुन्हा विचारते आणि माझ्या मते शक्तीच्या शोधापेक्षा तोच तिचा खरा धागा आहे.

मस्ती कुठे संपते?

यासाठी 'किल्ला' आठवा. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे चिन्मय कोकणातल्या गावात येतो. नव्या शाळेत बंड्याच्या टोळीत शिरतो. एकदा सायकलींची शर्यत लावून सगळे किल्ल्यावर जातात, धो धो पाऊस येतो आणि पोरं चिन्मयला तिथेच सोडून पळतात. तो एकटा भिजत, घाबरत त्या भिंतींमध्ये अडकतो. नंतर तो त्यांच्याशी बोलणंच टाकतो.

बंड्याने केलं ते वाईट होतं का? होतं. ते बुलिंग होतं का? नाही.

हा फरक मांडला डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने. जन्माने स्वीडिश, पण बहुतेक काम नॉर्वेत. शाळेतल्या छळाचा शास्त्रीय अभ्यास सुरू करणाऱ्यांमध्ये त्याचं नाव पहिलं घेतलं जातं. छळ झाल्यानंतर काही मुलांनी जीव दिल्याच्या घटनेने नॉर्वे हादरला आणि १९८३ मध्ये तिथे शाळांमधल्या छळाविरोधात देशव्यापी मोहीम सुरू झाली, तिच्यामागे ओल्वेउसचं संशोधन होतं. त्याने तीन खुणा सांगितल्या. त्रास मुद्दाम दिलेला असतो. तो पुन्हा पुन्हा होतो. आणि दोघांची ताकद सारखी नसते, म्हणजे समोरच्याला स्वतःचा बचाव करणं जमत नाही.

बंड्या आणि चिन्मय यांची ताकद साधारण सारखीच आहे. चिन्मय रागावू शकतो, मैत्री तोडू शकतो, आणि त्या रागाचा बंड्यावर परिणामही होतो. शक्तीला हे कुठलंच स्वातंत्र्य नाही. त्याच्यासमोरचा मुलगा वयाने मोठा, अंगाने मोठा आणि वर शाळेच्या व्यवस्थेत त्याच्या वर बसलेला. एकाच दिग्दर्शकाने नऊ वर्षांच्या अंतराने मुलांचं एकटेपण दोनदा दाखवलंय. पहिल्या वेळी पोरं मोठी होतात. दुसऱ्या वेळी मोडतात. दोन्ही पाठोपाठ बघितलं तर मस्ती आणि छळ यातली रेघ कुठल्याही लेक्चरपेक्षा स्पष्ट दिसते. ('किल्ला'ला २०१४ च्या बर्लिन महोत्सवात क्रिस्टल बेअर मिळालं ते लहान मुलांच्या ज्युरीकडून. हे मला कायम फार योग्य वाटत आलंय.)

तरी आपल्याकडे शाळेतल्या तक्रारीला पहिलं उत्तर काय येतं? "अहो, मुलं आहेत, चालायचंच." ज्याचं रोज चालतंय त्याला विचारा.

युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरात जवळपास दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाला आदल्या महिन्यात एकदा तरी सोबत्यांकडून असा त्रास झालेला होता.

'चोंबडा' हा शब्द किती महाग पडतो

सिरीजचं नाव 'खोट्यांची शाळा' असलं तरी तिच्यात फार कमी लोक उघड खोटं बोलतात. बहुतेक जण फक्त सांगत नाहीत. आणि इथे प्रत्येक मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला एक शब्द आठवेल: चोंबडा.

बाईंना जाऊन सांगणारा तो चोंबडा. त्याच्याशी कट्टी. त्याला खेळायला घ्यायचं नाही. पेन्सिल चोरली हे सांगणारा चोंबडा, आणि रात्री लाइट गेल्यावर मोठी मुलं काय करतात हे सांगणाराही चोंबडाच. लहानपणापासून आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो. चहाडी आणि तक्रार यातला फरक मुलांना कुणी शिकवत नाही. एखाद्याला अडचणीत आणायला सांगणं वेगळं, एखाद्याला अडचणीतून सोडवायला सांगणं वेगळं. पण पाचवी-सहावीच्या मुलाला हे कुठून कळणार? त्याला एवढंच कळतं की सांगितलं तर आज रात्री त्याच खोलीत झोपायचंय.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी ९० च्या दशकात दाखवून दिलं की छळ हा दोघांमधला मामला नसतो. त्यात हात लावणारे मदतनीस असतात, हसून चिथावणारे असतात, बाजूने उभं राहणारे एखाद-दोन असतात आणि न बघितल्यासारखं करणारे भरपूर असतात. दादागिरी करणाऱ्याला प्रेक्षक लागतात. म्हणून फिनलंडच्या 'कीवा' या शालेय कार्यक्रमाने छळणाऱ्याला सुधारण्यापेक्षा बघ्यांवर काम केलं. टाळ्या थांबल्या की नाटक फार वेळ चालत नाही.

सिरीज बघताना एकदा फक्त मागे उभ्या असलेल्या मुलांकडे बघा. कॅमेरा त्यांच्यावर फार थांबत नाही, पण ती असतात. दरवाजात. जिन्यात. पांघरुणाखाली डोळे उघडे ठेवून.

छळणारा मुलगा कुठून येतो?

इथे सिरीज सोपी वाट सोडते, आणि अनेक प्रेक्षकांना नेमकं हेच पटलं नाही. आपल्याला खलनायक हवा असतो. एक चेहरा दाखवा, त्याला शिक्षा द्या, संपवा. 'स्कूल ऑफ लाइज' तो चेहरा दाखवते आणि मग त्याच्या मागे अजून एक जखम दाखवते. त्याच्याही मागे अजून एक.

संशोधनात याला आधार आहे. अमेरिकेत १,४२० मुलांचा वयाच्या नवव्या वर्षापासून विशीच्या मध्यापर्यंत पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये 'जामा सायकियाट्री' या नियतकालिकात आला. मोठेपणी सगळ्यात जास्त त्रासात कोण होतं? ज्यांनी फक्त छळ सोसला ते नव्हे, ज्यांनी फक्त छळ केला तेही नव्हे. ज्यांनी दोन्ही केलं ते. लहानपणी सोसलं आणि पुढे दुसऱ्याला दिलं, अशा मुलांमध्ये नैराश्य आणि पॅनिक डिसऑर्डर जास्त होती, आणि त्यातल्या पुरुषांमध्ये आत्महत्येचे विचारही.

म्हणजे छळणाऱ्याला माफ करा असं नाही. ज्याला त्रास झाला त्याच्या दृष्टीने समोरच्याचं बालपण कसं गेलं याने काही फरक पडत नाही, आणि पडायलाही नको. पण शाळेने एका मुलाला काढून टाकलं आणि प्रकरण मिटलं असं समजलं, तर ती साखळी पुढच्या शाळेत सुरू होते. एवढंच.

आणि मुलग्यांबद्दल एक. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून बाल अत्याचारांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगितलं, आणि त्या मुलांपैकी निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. आकडा जुना आहे. पण मुलाला हॉस्टेलवर सोडताना किती घरांमध्ये या विषयावर एक वाक्य तरी बोललं जातं? मुलीला सांभाळून राहायला सांगतात. मुलाला सांगतात, रडू नकोस.

समुपदेशक नेमकी कुणाची? मुलाची की शाळेची?

निम्रत कौरची नंदिता या पेचात अडकलेली आहे. मुलं तिच्याकडे येऊन बोलतात कारण ती कुणाला सांगणार नाही असं त्यांना वाटतं. पगार मात्र शाळा देते, आणि शाळेला नाव जपायचंय.

खऱ्या आयुष्यात कायद्याने या पेचाचं एक टोक कापून टाकलंय. पोक्सो कायदा २०१२ चा. तो मुलगा आणि मुलगी दोघांनाही लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिक्षक, डॉक्टर, वॉर्डन, समुपदेशक, कुणालाही "मी शब्द दिला होता" म्हणून गप्प बसता येत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची अशी गोष्ट दाबली तर कैद एक वर्षापर्यंत जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या प्रकरणात शाळा चालवणाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला तो याच कारणाने.

यातली एक ओळ मात्र मुलांपर्यंत पोचवायला हवी: ही शिक्षा मुलांना लागू नाही. मित्राने रात्री काही सांगितलं आणि तुम्ही घाबरून गप्प राहिलात, तर कायदा तुम्हाला गुन्हेगार धरत नाही. त्यामुळे उशिरा सांगितलं तरी चालतं.

लैंगिक नसलेल्या छळासाठी महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. रॅगिंग म्हटलं की आपल्याला इंजिनिअरिंग-मेडिकलची कॉलेजं आठवतात, पण या कायद्याच्या व्याख्येत हॉस्टेल, बोर्डिंग आणि अनाथाश्रमही येतात. चिडवणं, धमकावणं, लाज वाटेल असं करायला लावणं, सगळं त्यात आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मुलाने, पालकाने किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली की प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. टाळाटाळ केली तर त्यानेच गुन्ह्याला साथ दिली असं मानलं जातं. म्हणून तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या आणि पोच घ्या. "आम्ही बघतो" याची पोच मिळत नाही.

हे श्रीमंतांचं दुखणं आहे का?

सिरीजमधली शाळा महागडी आहे आणि तिची थोडी अडचणही तीच आहे. धुकं, देवदार, दगडी इमारती हे इतकं देखणं दिसतं की हा सगळा प्रकार पैसेवाल्यांच्या घरचा वाटायला लागतो. मधले दोन भाग रेंगाळतातही, आणि मोठ्या माणसांच्या भूतकाळातली गुपितं जरा जास्तच झालीत. पोरांकडे परत चला, असं बघताना दोन-तीनदा वाटलं.

महाराष्ट्रात घरापासून लांब राहून शिकणारी बहुतेक मुलं देवदारांखाली राहत नाहीत. ती आश्रमशाळेत, समाजकल्याणच्या वसतिगृहात किंवा नवोदयला असतात. नवोदय विद्यालयं केंद्र सरकारची, परीक्षा देऊन सहावीत प्रवेश, गावाकडच्या हुशार पोरांसाठी मोठी संधी. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदयमध्ये ४९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची आकडेवारी 'इंडियन एक्सप्रेस'ने २०१८ मध्ये छापली. त्यातली जवळपास निम्मी दलित आणि आदिवासी मुलं होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्यावर केंद्राला नोटीस काढली. प्रत्येक मृत्यूमागे बुलिंग होतं असं कुणीच म्हणत नाही. आत्महत्येला एकच कारण कधी नसतं. पण अकरा वर्षांचं मूल घर सोडतं तेव्हा त्याच्याशी बोलायला प्रशिक्षित माणूस तिथे आहे का, हा प्रश्न त्यातूनच आला.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभरातल्या शिक्षणसंस्थांना लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवाच, असं त्यात आहे. तेव्हा हॉस्टेल निवडताना मेस आणि निकालाबरोबर हेही विचारा: समुपदेशक रोज असतात की महिन्यातून एकदा येतात? रात्री डॉर्मवर मोठं माणूस कोण असतं? मुलाला घरी फोन करताना बाजूला कुणी उभं असतं का? शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा. फोनवर "सगळं ठीक आहे" असं म्हणणारं मूल कुणासमोर ते म्हणतंय, यावर सगळं अवलंबून असतं.

आणि तुमच्या फोनमध्ये जे फॉरवर्ड येतं

अशी खरी घटना झाली की तासाभरात मुलाचा फोटो, शाळेचं नाव, आईवडिलांचा रडतानाचा व्हिडिओ ग्रुपवर फिरायला लागतो. हेतू चांगला असतो: न्याय मिळावा. पण पोक्सोच्या कलम २३ प्रमाणे पीडित मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार, ज्यातून तो ओळखू येईल असं काहीही माध्यमांतून उघड करता येत नाही. त्याला शिक्षा आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तर छळ करणारा अल्पवयीन असेल तर त्याचीही ओळख झाकतं. अनेकांना हे दुसरं पटत नाही, कमेंटमध्ये भांडणं होतात. तरी नियम तोच आहे. स्क्रीनशॉटवर नाव खोडलं आणि गणवेशाचा बिल्ला तसाच ठेवला, तर काहीच झाकलेलं नसतं.

'स्कूल ऑफ लाइज' आता जिओहॉटस्टारवर आहे. हॉस्टेलमधल्या किंवा कुठल्याही मुलाला मदत हवी असेल तर चाइल्डलाइनचा नंबर १०९८, तो मूल स्वतःही फिरवू शकतं. मन फार खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर टेलि मानसचा नंबर १४४१६. दोन्ही मोफत आहेत, चोवीस तास चालू असतात, आणि टेलि मानसवर मराठीत बोलता येतं.